जॉयस्टिक बदलण्याआधी खोलून तर बघा

प्रश्न : आर्केड यंत्राची, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची, जुनी जॉयस्टिक डावीकडे कधी चालते, कधी नाही. लीफ स्विचचे (धातूच्या दोन पात्या टेकल्या की चालू होणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट, म्हणजे टेकणारी टोकं, पॉलिश पेपरने घासू का?

नको. या स्विचमधून जेमतेम ५ व्होल्टचा सिग्नल जातो. त्यामुळे बऱ्याच कॉन्टॅक्टवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. तो घासून गेला की दोन दिवस बरं चालतं आणि मग दुखणं दुप्पट होऊन परत येतं. जाड कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओली करा, दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये धरा, पात्या बोटाने हलक्या दाबा आणि पट्टी ओढून घ्या. कागदावर काळी रेघ उमटेल. ती उमटेनाशी होईपर्यंत हेच करत राहा, शेवटी कोरडी पट्टी फिरवा.

मग पात्यांकडे वळा. आधी त्या धरून ठेवणारे स्क्रू आवळा. ते सैल असताना केलेलं ॲडजस्टमेंट टिकत नाही. दांडा मधोमध असताना कॉन्टॅक्टमध्ये थोडीशीच फट हवी. दांडा ढकलल्यावर कॉन्टॅक्ट टेकून वर जरासे घासलेही गेले पाहिजेत, कारण त्या घासण्यानेच ते स्वच्छ राहतात. पाती वाकवायची ती बुडापाशी, टोकाला नाही.

प्रश्न : पॅक-मॅनच्या यंत्राला नवी जॉयस्टिक बसवली, तर वळणावर पॅक-मॅन अडकतो. जॉयस्टिक खराब निघाली का?

जॉयस्टिक चांगली आहे, पण ती आठ दिशांची असणार. १९८० चा हा खेळ चारच दिशा ओळखतो. दांडा तिरका गेला की दोन स्विच एकदम दाबले जातात आणि खेळ गोंधळतो. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये शिडी चढताना हीच रड. खालची रिस्ट्रिक्टर प्लेट (दांडा कुठल्या दिशांना जाऊ शकतो ते ठरवणारी) चार दिशांवर करा. काही जॉयस्टिकमध्ये ती उलटी बसवायची असते, सान्वा कंपनीच्या जेएलएफ मॉडेलमध्ये ४५ अंश फिरवायची.

प्रश्न : दांडा करकरतो. गंज काढायचा स्प्रे मारला तर?

करकर थांबेल, आठवडाभर. मग त्यावर धूळ चिकटेल. दांडा सोडवा, जुनं ग्रीस पुसा आणि फक्त फिरत्या भागाला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोलियमचं ग्रीस रबराच्या ग्रोमेटला (कड्याला) फुगवतं. ई-क्लिप (दांडा अडकवून ठेवणारी छोटी क्लिप) काढताना वर फडकं धरा, उडाली की शोधत बसाल.

प्रश्न : मायक्रोस्विच (दाबलं की टिक वाजणारा छोटा डबीबंद स्विच) नवा घातला, तरी ती दिशा मेलेलीच. आता?

स्विचवरच्या दोन्ही वायर क्षणभर एकमेकींना टेकवा. खेळ हलला तर दोष स्विचचा किंवा जोडणीचा. कॉमन (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) हीच टोकं वापरलीत ना, ते बघा. एनसीला (न दाबताच जोडलेल्या टोकाला) वायर लागली तर ती दिशा सतत दाबलेली राहते. खेळ हललाच नाही, तर यंत्र बंद करून प्लग काढा आणि मल्टिमीटरने वायर बोर्डापर्यंत तपासा. चारही दिशा एकदम गेल्या असतील तर स्विचना हात लावू नका, सगळ्या स्विचना सामाईक असलेली ग्राउंडची वायर निसटलेली असते. मी एकदा त्यापायी अख्खी जॉयस्टिक बदलली होती! आणि हो, पिक्चर ट्यूबपासून हात लांबच ठेवा, प्लग काढल्यावरही तिच्यात चार्ज उरतो.