किती वाजता ऐकायचात?

प्रिय बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जुनं रेडिओ स्टेशन विकलं गेलं, त्याच नंबरावर नवं सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात श्रोत्यांनी तुला फैलावर घेतलं. 'काटा तिथेच आहे, माणसं कुठे गेली?' हा त्या आजोबांचा मेसेज तू उतरवून पाठवलास, तो वाचून मलाही गलबलून आलं. पण खचू नकोस. ही सगळी मंडळी अजून तुझंच स्टेशन लावून बसली आहेत.

श्रोता भांडतो तोवर तो आपला असतो. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं, तेव्हा लोकांनी सरळ काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकायला रेडिओभोवती घरं जमायची. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. पण तोवर सिलोनची गोडी लागली ती लागलीच, पुढे कितीतरी वर्षं सुटली नाही.

आपल्या गोव्याने तर याहून मोठा बदल पाहिला. पोर्तुगिजांच्या वेळचं 'एमिसोरा द गोवा' डिसेंबर १९६१ मध्ये थांबलं, आणि जानेवारी १९६२ मध्ये त्या जागी आकाशवाणी बोलू लागली. माझ्या आईने मुक्तीचे पेढे वाटले होते. तरी संध्याकाळच्या त्या ठरलेल्या वेळेला हात आपोआप रेडिओकडे जायचा आणि क्षणभर चुकल्यासारखं व्हायचं, असं ती सांगायची. आनंद खरा होता आणि ते चुकल्यासारखं वाटणंही खरंच होतं.

आता माझी चूक सांगते. मी नवी असताना आमचा दुपारचा मराठी गाण्यांचा कार्यक्रम वरून हुकूम येऊन बंद झाला. म्हार्दोळहून एका बाईंचा फोन आला. त्या जायांच्या फाती, म्हणजे जाईच्या फुलांच्या माळा, करून देवळाबाहेर विकायच्या. म्हणाल्या, "चारला तुमची धून वाजली की मी ओवायला बसायचे. आता वेळच कळत नाही." मी मोठ्या उत्साहाने नवा कार्यक्रम किती छान आहे ते सांगत सुटले. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज पुन्हा कधी ऐकला नाही. त्या बाईंची तक्रार गाण्यांबद्दल नव्हतीच गं. दुपारभर काढलेल्या कळ्या उमलायच्या आत ओवून झाल्या पाहिजेत, हातात दोरा, मांडीवर सूप, घड्याळाकडे बघायला सवड नाही. त्यांचं घड्याळ आम्ही काढून नेलं होतं, आणि मी त्यांना नवी गाणी ऐकवत होते.

म्हणून सांगते, ऑफिसने दिलेलं ठरावीक उत्तर कुणाला पाठवू नकोस. 'काळाप्रमाणे बदलायला हवं' हे तर अजिबात म्हणू नकोस. जुने निवेदक परत येतील अशी आशाही लावू नकोस, ते तुझ्या हातात नाही. त्यांचं नाव कुणी काढलं तर आदराने घे. तुमच्या मॅनेजरांना हे रुचणार नाही कदाचित, तरी घे.

एक वही कर. कोण, कुठल्या गावचा, किती वाजता ऐकायचा आणि तेव्हा काय करत असायचा, एवढंच लिही. पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या वेळेला चहा ठेवणारे असतील, दुकानाचं शटर उघडणारे असतील, आजारी माणसाजवळ जागणारे असतील. महिन्याभरात तुला दिसेल की एकाच वेळेवर कितीजण बोट ठेवताहेत. ती वही घेऊन मॅनेजरांकडे जा आणि तेवढी दहा मिनिटं माग. धून नवी असली तरी चालेल, पण रोज ठरल्या ठोक्याला वाजू दे.

आणि त्या आजोबांना आजच फोन कर. कुठलं गाणं हवं ते नंतर विचार. आधी विचार, किती वाजता ऐकायचात? काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
ताई