‘अ सिंगल मॅन’ परका वाटतो, त्याचे कारण गीतकार नव्हे

आपण विचारले आहे की, ब्रिटिश गायक-संगीतकार एल्टन जॉनचे सत्तरच्या दशकातील अल्बम ओळीने ऐकत आल्यावर १९७८ चा ‘अ सिंगल मॅन’ एकदम परका का वाटतो, आणि त्याचा नेहमीचा गीतकार बर्नी टॉपिन याच्या जागी आलेला गॅरी ऑसबर्न हा उणा गीतकार होता म्हणून असे घडले का. हा अल्बम मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. परकेपणा खराच आहे. पण त्याचे खापर ऑसबर्नच्या कुवतीवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. शब्द आधी की चाल आधी, हा क्रमच या अल्बममध्ये उलटला होता.

लिबर्टी रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीने १९६७ मध्ये दिलेल्या एका जाहिरातीमुळे एल्टन आणि टॉपिन एकत्र आले, आणि त्यांची रीत लवकरच ठरून गेली. टॉपिन शब्द लिहून देई आणि एल्टन तो कागद पियानोवर ठेवून त्याला चाल लावी. बहुतेक वेळा दोघे एका खोलीतही नसत. टॉपिनच्या ओळी कमीअधिक लांबीच्या, त्यांत माणसे, गावे आणि प्रसंग दाटीने भरलेले. त्या दाटीतून वाट काढताना एल्टनच्या चाली अशा ठिकाणी वळतात, जिथे नुसत्या पियानोवर बसून त्या वळल्या नसत्या. ‘टायनी डान्सर’चे ध्रुवपद सुमारे अडीच मिनिटांनी येते, कारण तोवर शब्दांचे सांगून झालेले नसते. ‘डॅनियल’चे शेवटचे कडवे तर एल्टनने गाळूनच टाकले, आणि हा डॅनियल नेमका कोण याविषयी श्रोते पुढे कितीतरी वर्षे तर्क करत राहिले.

१९७६ च्या ‘ब्लू मूव्ह्ज’ या दुहेरी अल्बमनंतर दोघे काही काळ आपापल्या वाटेने गेले. टॉपिनने रॉक गायक अॅलिस कूपरबरोबर त्याच्या ‘फ्रॉम द इनसाइड’ या अल्बमची गीते लिहिली. इकडे निर्माता गस डजनही एल्टनबरोबर राहिला नव्हता. ‘अ सिंगल मॅन’ची निर्मिती एल्टनने क्लाइव्ह फ्रँक्सच्या साथीने केली, हेही आपल्याला जाणवणाऱ्या फरकाचे एक कारण आहे. ऑसबर्न काही नवखा नव्हता. एका फ्रेंच गाण्याला त्याने लिहिलेले इंग्रजी शब्द गायिका किकी डीच्या आवाजात आधीच लोकप्रिय झाले होते.

ऑसबर्नच्या हाती मात्र बहुधा तयार चाल येई, आणि तिच्यावर त्याला शब्द बसवायचे असत. हे काम हलके नाही. जिथे सूर लांबतो तिथे मोकळा स्वर हवा, जिथे ताल तुटतो तिथे लहान शब्द हवा, आणि तरीही वाक्य बोलण्यासारखे वाटले पाहिजे. ‘शाइन ऑन थ्रू’ या कसोटीवर ऐकून पाहा; शब्द कुठेही सुराला अडत नाहीत. मात्र अशा बांधणीत गोष्ट सांगायला जागा उरत नाही, आणि म्हणून टॉपिनच्या पात्रांऐवजी येथे ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यातील प्रेम, विरह आणि एकटेपण येते. ‘इट एन्ट गॉना बी ईझी’ आठ मिनिटांहून मोठे आहे, पण ते एकाच तक्रारीभोवती फिरते आणि त्याचा सगळा विस्तार सुरांचा आहे. मला ते आवडते. टॉपिनचे कथानक शोधत ऐकणाऱ्याला ते रिकामे वाटेल.

माझ्या मते या अल्बमचे खरे हृदय शेवटच्या ‘साँग फॉर गाय’मध्ये आहे, आणि त्यात दोघांपैकी एकही गीतकार नाही. एका रविवारी एल्टन आपल्याच मृत्यूची कल्पना करत ही चाल रचत होता. दुसऱ्या दिवशी त्याला कळले की त्याच्या कंपनीत निरोप्याचे काम करणारा सतरा वर्षांचा गाय आदल्याच दिवशी मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. जवळजवळ संपूर्ण रचना वाद्यांचीच आहे आणि अखेरीस मोजकेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. ब्रिटनमध्ये ती चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. शब्दांची वाट न पाहता चाल सुचू देण्याची मोकळीक त्या काळात एल्टनने घेतली नसती, तर ही रचना झाली असती असे मला वाटत नाही.

आपल्याला दोन्ही रीती शेजारी ठेवून ऐकायच्या असतील, तर १९८० चा ‘२१ अॅट ३३’ घ्यावा, कारण त्यात दोघांचीही गीते आहेत. प्रथम ऑसबर्नचे ‘लिटल जीनी’ ऐका, जे अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. तिथे चाल पुढे चालते आणि शब्द तिच्यामागून येतात. त्यानंतर लगेच ‘टू रूम्स अॅट द एंड ऑफ द वर्ल्ड’ लावा. दोन वेगळ्या खोल्यांत बसून एकत्र काम करणाऱ्या दोन माणसांविषयीचे हे गीत टॉपिनने परतल्यावर लिहिले, आणि त्यातल्या दाट ओळींबरोबर धावताना एल्टनचा आवाज कसा बदलतो, तेवढ्याकडे लक्ष ठेवा.