नुसतं बांधून नको

प्रिय,

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायच्या खेळांची जुनी साहसं, म्हणजे खेळायच्या छापील कथा, पुन्हा काढा असं तू प्रकाशकाला लिहिणार आहेस; त्यासाठीची तुझी यादी दोनदा वाचली. सतरा पुस्तकं! आणि खाली लिहिलं आहेस, "यातली तीनच मागायची तर कुठली, ते ठरतच नाहीये." अगं, ठरणार कसं? ज्या ज्या जुन्या साहसासाठी कुणी हळहळताना ऐकलंस, ते ते टिपून ठेवलंस आणि प्रत्येकापुढे 'हार्डकव्हर हवं' एवढंच लिहिलंस. त्या हार्डकव्हरमध्ये जुन्यापेक्षा वेगळं काय हवं, याबद्दल एक ओळ नाही.

म्हणून एकच सांगतो, आणि पत्रभर तेच सांगणार आहे. नुसतं बांधून मागू नकोस. दुरुस्त करून माग.

क्रमशः छापलेलं साहस कसं तयार होतं ते बघ. सहा नाहीतर बारा भाग, बहुतेक भागांचे लेखक वेगळे. पहिला भाग लोकांच्या हातात पडतो तेव्हा शेवटचा लिहूनही झालेला नसतो. पुढच्या लेखकाला वाटतं की या खलनायकाची कुजबुज पहिल्याच गावात ऐकू यायला हवी होती; पण ते गाव केव्हाच छापून गेलेलं असतं. मागे जाऊन बी पेरायची संधी फक्त संग्रह काढताना मिळते. ती सोडून सगळे भाग एका पुठ्ठ्यात शिवले, तर हातात येतं ते फक्त जड पुस्तक.

'मास्क्स ऑफ न्यार्लथोटेप' हे साहस घे. 1984 च्या मूळ खेळात सुरुवातीलाच न्यूयॉर्कच्या हॉटेलात जॅक्सन इलायसचा खून होतो आणि त्याचा छडा लावायला पात्रं जगभर फिरतात. पण हा इलायस खेळाडूंसाठी कोण? कागदावरचा एक मित्र. त्याला ते कधी भेटलेलेच नसतात. 2018 च्या दोन खंडांच्या आवृत्तीत पेरूचं नवं प्रकरण आलं: 1921 साल, इलायस जिवंत, पात्रांच्या सोबतीला. चार वर्षांनी न्यूयॉर्कला त्याचं प्रेत दिसतं तेव्हा टेबलावर खरोखर शांतता पसरते. याला मी दुरुस्ती म्हणतो. वॉरहॅमर या खेळातल्या 'एनिमी विदिन' साहसाला तर शेवटच नवा लिहून दिला. पायझो या प्रकाशकाने 'शॅकल्ड सिटी' साहसाच्या 'डंजन' मासिकातल्या अकरा भागांत 2005 च्या हार्डकव्हरसाठी बारावा घातला.

आता माझं ऐक. तू 'एज ऑफ वर्म्स' अकराव्या नंबरवर टाकलं आहेस, म्हणून सांगणं भाग आहे.

ते ज्यांत क्रमशः आलं ते 'डंजन' मासिकाचे 124 ते 135 हे बारा अंक माझ्या मावसभावाने अमेरिकेहून येताना बॅगेतून आणले होते. दर शनिवारी आम्ही पाच जण बसायचो. डायमंड लेक हे खाणीचं मळकट गाव, व्हिस्परिंग केर्न हे तिथलं जुनं थडगं. पहिल्या भागाइतकी चांगली सुरुवात मी आजवर चालवलेली नाही. पण गाव सुटल्यावर पात्रं कुणा ना कुणा ज्ञानी माणसाच्या सांगण्यावरून पुढे निघतात. सातव्या भागाच्या तोंडाशी आमच्यातल्या एकाने सरळ विचारलं, "आपण तिकडे का जातोय?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे म्हणून." त्या सातव्या भागात, 'स्पायर ऑफ लाँग शॅडोज'मध्ये, पात्रांची अख्खी टोळी मेली. मरणाचं कुणाला वाईट वाटलं नाही, हेच वाईट होतं. ज्याने विचारलं होतं तो पुढच्या शनिवारी आला नाही. महिन्याभरात टेबल मोडलं.

तेव्हा मी नोकरीला नवीन लागलो होतो, शुक्रवारी रात्री एकच अंक वाचून व्हायचा, पुढचे पाच वाचून दुवे जोडायला वेळ कुठे होता? अजूनही मला वाटतं, ते काम थकून घरी आलेल्या डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, नाही, संपादकाचं आहे. मी त्या मित्राला दिलेलं उत्तर मात्र माझंच होतं. ते मला आजही टोचतं.

तू म्हणशील, जुनं जसंच्या तसं जपायला नको का? जपावं की. 2013 मध्ये 'डंजन्स ऑफ ड्रेड' आलं, त्यात 'टूम ऑफ हॉरर्स'सह चार जुनी मोड्यूल्स, म्हणजे सुटी छापलेली साहसं, एकत्र मिळाली. अभ्यासाला उत्तम. पण 'टूम' 1975 च्या ओरिजिन्स संमेलनात स्पर्धेसाठी चालवलं गेलेलं साहस आहे. कोण किती आत पोचतो हे बघायचं होतं, म्हणून ते इतकं निर्दय. हे ठाऊक नसताना नव्या पोरांना त्यात ढकललंस तर ती परत येणार नाहीत. तू टेबलासाठी मागते आहेस ना? मग दुरुस्त करून माग!

तर तीन नावं. पहिलं 'एज ऑफ वर्म्स'. सोबत स्पष्ट लिही की कायुस या खलनायकाची चाहूल डायमंड लेकमध्येच लागू दे आणि प्रत्येक प्रवासाला पात्रांचं स्वतःचं कारण दे. दुसरं 'सॅव्हेज टाइड', अंक 139 ते 150. तिथे कारण आहे, पात्रांना कामाला लावणाऱ्या लव्हिनियासाठी माणसं ड्रेड बेटापर्यंत जातात. पण शेवटच्या राक्षसापाशी, डेमोगॉर्गनपाशी, पोचेपर्यंत आकडेमोड इतकी फुगते की एका लढाईत संध्याकाळ संपते. तो शेवट आजच्या नियमांत नव्याने बसवायला हवा. तिसरं तुझ्या यादीत नाहीच: 'डंजन'च्या दीडशे छापील अंकांतली सुटी, छोटी साहसं एका जागेभोवती गुंफलेली. 2019 च्या 'घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श'मध्ये ते करून दाखवलंय. 1981 ते 83 ची तीन मोड्यूल्स आणि मासिकातली चार साहसं, सगळी एका किनाऱ्यावर आणून बसवली.

आणि पत्र पायझोला पाठवू नकोस. त्यांच्याकडे मासिक 2002 ते 2007 परवान्यावर होतं, हक्क डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टकडे आहेत. चुकीच्या दारावर सतरा पुस्तकं मागत उभी राहणार होतीस.

बाकीची पंधरा नावं आत्ताच खोड. दुखेल, पण खोड. ज्याच्यात काय सुधारायचं हे तुला सांगता येत नाही, ते तू अजून खेळलेली नाहीस.

माझे बारा अंक कुरियरने पाठवतोय. 130 व्या अंकाच्या समासात पेन्सिलीने बरंच लिहिलंय, पात्रं तिकडे का जातील याची नऊ कारणं. टेबल मोडल्यावर सुचलेली. त्यातली दोन बरी आहेत. तुझ्या टेबलावर चालवून बघ, आणि कुठलं चाललं ते त्याच समासात लिही.

तुझा,
जुना डीएम