नाव छापलं नाही म्हणजे ओळख लपली का?

तुम्ही विचारलंय की बलात्काराच्या बातमीत पीडितेचं नाव कधीच नसतं, तरी संध्याकाळपर्यंत ती कोण हे अख्ख्या परिसराला कळतं, मग नाव न देण्याला अर्थ काय?

अर्थ आहे. पण नाव गाळलं की जबाबदारी संपली, असं समजणारे पत्रकार चुकतात. भारतीय न्याय संहितेचं कलम 72 नावाबरोबरच ओळख पटेल अशा कुठल्याही मजकुराला लागू होतं आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. निपुण सक्सेना खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आडून आडून ओळख पटेल असं काही देऊ नका, असंच बजावलं.

मी पुण्यात एका मराठी न्यूज पोर्टलच्या डेस्कवर आहे. समजा, बातमीदाराकडून कॉपी म्हणजे बातमीचा मजकूर असा आला: ‘कोथरूडमधील महाविद्यालयात इंटिरिअर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या, मूळच्या बार्शीच्या १९ वर्षीय तरुणीवर…’ नाव कुठेच नाही. पण त्या वर्गात बार्शीच्या मुली असून असून किती असणार? मी कॉलेज, वर्ष, गाव, तिन्ही उडवते. मग बातमीदार म्हणतो, ‘मॅडम, राहिलं काय बातमीत?’ बरंच राहतं. फिर्याद घ्यायला पोलिसांनी किती वेळ लावला? कलमं कोणती लावली? आरोपी सापडला का? फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट आगारात उभ्या शिवशाहीत बलात्कार झाला, तेव्हा आगारातल्या बसमध्ये कुणीही शिरू कसं शकतं, हा खरा प्रश्न होता. चर्चा मात्र ती ओरडली का नाही यावर रंगली. मला तो प्रकार आजही संतापजनक वाटतो.

ऑनलाइनमध्ये अडचण आणखी वाढते. आम्ही गाव काढलं, दुसऱ्या पोर्टलने वडिलांचा व्यवसाय दिला, तिसऱ्याने सोसायटीचं गेट दाखवलं. वाचणारा एका सर्चमध्ये तिन्ही उघडतो आणि जुळवतो. शिवाय हेडिंग बदललं तरी लिंकमध्ये जुने शब्द तसेच राहतात, नोटिफिकेशन तर फोनवर जाऊन पडलेलं असतं. कालचा पेपर निदान रद्दीत जायचा. ही बातमी ती मुलगी नोकरीला लागेल तेव्हाही सापडेल.

पीडित अल्पवयीन असेल तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 23 मध्ये कुटुंब, शाळा, राहण्याचा परिसर हे काहीच उघड करायचं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आरोपी बाप किंवा काका असेल तर मी त्याचंही नाव घेत नाही. वाचकांना वाटतं आम्ही त्याला पाठीशी घालतोय, पण त्याचं नाव दिलं की मुलीचं दिल्यासारखंच होतं.

हे नियम आभाळातून पडलेले नाहीत. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा 1979 मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातले रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार हे दोघे पुणे विद्यापीठाचे. त्यातून उठलेल्या आंदोलनामुळे 1983 मध्ये कायदा बदलला आणि ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. तो खटला मात्र आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो, म्हणून मी इथे ते लिहिलेलं नाही.

सज्ञान स्त्रीने स्वतः लेखी संमती दिली तर नाव देता येतं. तो निर्णय तिचा आहे. संपादकाने तो परस्पर घ्यायचा नाही.

आणि हा कायदा फक्त पत्रकारांसाठी नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘ती आपल्या बी विंगमधली’ असं टाकणाराही अडकू शकतो. अशी बातमी दिसली तर स्क्रीनशॉट फिरवू नका. लिंक आणि नेमका कुठला तपशील काढायला हवा, एवढं संपादकांना मेल करा. फोटो आणि व्हिडिओचं थंबनेलही तपासायला सांगा, कारण मजकूर दुरुस्त होतो आणि ते तसंच राहून जातं.