मार्क देऊन झाले, तरी घर ठरेना

‘मॅडम, आम्ही सगळा विचार केलाय हो. एक्सेलमध्ये मांडलंय. तरी ठरत नाही.’

घर घ्यायचं असो, दोन नोकऱ्यांतली एक निवडायची असो, की बारावीनंतर मुलीच्या कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असो, समुपदेशक म्हणून हे वाक्य माझ्या इतक्यांदा कानावर येतं की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. खालचं जोडपं बऱ्याच जोडप्यांवरून बेतलेलं आहे. पाच-सहा भेटींत झालेलं बोलणं इथे थोडक्यात दिलं आहे.

जोडपं पुण्यातलं. तो हिंजवडीत आयटीत, ती कर्वे रोडवरच्या शाळेत शिक्षिका. मुलगी चार वर्षांची. राहायला वाकडला, भाड्याने. त्याचे आईबाबा सिंहगड रोडला, आनंदनगरला. सात महिन्यांत तेवीस फ्लॅट बघून झालेले. तिने पर्समधून चार घड्यांचा कागद काढला. सहा फ्लॅट, अकरा निकष, प्रत्येक निकषाला वजन, वजनांची बेरीज शंभर, आणि प्रत्येक फ्लॅटला दहापैकी मार्क. तळाशी पेन्सिलने लिहिलेलं: धायरी ६.९, बावधन ६.८, वाकड ६.८. खोडरबर फिरून फिरून कागद तीन ठिकाणी विरला होता.

‘हे काय खोडलंय?’

‘वजनं,’ तो म्हणाला. ‘धायरी वर आलं की मला पटत नाही, मग मी प्रवासाचं वजन वाढवतो. मग वाकड येतं. मग ही किमतीचं वाढवते.’

उत्तर आधी ठरवून गणित मागून जुळवायचं, हे बहुतेक जण करतात. पण त्यात लबाडी नसते. आलेला आकडा मनाला पटत नाही, याचा अर्थ मनात असलेलं काहीतरी कागदावर आलेलं नाही, किंवा कागदावर चुकीच्या मापाने आलं आहे. ते शोधायचं सोडून आपण वजनं हलवत बसतो.

आधी चाळणी लावली. माझी बैठक विवेकनिष्ठ मानसोपचाराची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीत ‘पाहिजेच’ आणि ‘असेल तर बरं’ यांतल्या फरकावर सगळा भर आहे. तो फरक घर घेतानाही लागू पडतो. अकरा निकष बाजूला ठेवून विचारलं, ‘काय नसेल तर फ्लॅट फुकट मिळाला तरी घेणार नाही?’ भांडत-तंडत चारच गोष्टी उरल्या: भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), दोन बेडरूम, वर्षभर नळाचं पाणी आणि ५५ हजारांच्या आत हप्ता. या चार अटींना मार्क नाहीत. पास किंवा नापास.

हातात ३० लाख होते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर लाखामागे महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. बाणेरचा फ्लॅट १ कोटी ४ लाखांचा, म्हणजे कर्ज ७४ लाख, हप्ता ६४ हजारांच्या वर. गेला. मोशीच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर. तोही गेला. वाकडला दोन होते. त्यातला दुसरा पहिल्यापेक्षा तीन लाखांनी महाग, हायवेपासून दहा मिनिटं आत, आणि एकाही बाबतीत सरस नव्हता.

‘मग हा यादीत कशाला?’

‘बिल्डर ओळखीचा आहे,’ तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

असा पर्याय यादीत नुसता पडून राहत नाही. त्याच्याशेजारी त्याच्यासारखाच पण थोडा बरा पर्याय उगाच उजळून दिसतो. म्हणून तो आधी काढायचा. उरले तीन: वाकड ८८ लाख, बावधन ९२, धायरी ८४.

मग निकषांकडे वळलो. ‘ऑफिसचं अंतर’, ‘ट्रॅफिक’, ‘पेट्रोल’, ‘घरी पोचायची वेळ’ असे चार निकष वेगळे मांडले होते. पण गोष्ट एकच, त्याचा हिंजवडीचा प्रवास, आणि ती चारदा मोजली गेलेली. ‘किंमत’, ‘हप्ता’ आणि ‘मुद्रांक शुल्क’ हेही एकच. किंमत वाढली की बाकीचे दोन्ही वाढतात. त्याने आपली बाजू चार नावांनी भरली होती, तिने आपली तीन नावांनी. दोघांनाही याचा पत्ता नव्हता. पार्किंग आणि क्लबहाऊस तिन्हीकडे सारखंच. जे सगळीकडे सारखं आहे ते कितीही आवडीचं असलं तरी निवडीत त्याला काम नाही, म्हणून खोडलं. ‘शाळा’ खोडताना ती म्हणाली, ‘हो, मुलगी तर माझ्याच शाळेत येणार आहे.’

‘मग तुमचा शाळेचा प्रवास कुठे लिहिलाय?’

तिने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. अकरा निकषांत तो नव्हताच. वाकडहून कर्वे रोडला साठ मिनिटं, धायरीहून पंचेचाळीस, बावधनहून पंचवीस. पुढची कित्येक वर्षं लेकीला घेऊन रोज करायचा प्रवास, आणि यादी करणारी तीच! घरातल्या बाईचा वेळ यादीतून असा गळालेला मी इतक्यांदा पाहिला आहे की आता कुठलीही यादी हातात आली की आधी तेच तपासते.

शेवटी चार निकष राहिले. त्याचा प्रवास: वाकड २५ मिनिटं, बावधन ३५, धायरी ७५. तिचा वर आला आहे. आईबाबांचं घर: धायरीहून १५, बावधनहून ३५, वाकडहून ५०. आणि किंमत.

त्यांच्या कागदावर किमतीला शंभरातलं पस्तीस वजन होतं. साहजिकच आहे. ‘पैसा महत्त्वाचा का?’ असं विचारलं तर नाही कोण म्हणेल? पण प्रश्नच चुकीचा आहे. आमटीत मीठ महत्त्वाचंच. पण समोरच्या तिन्ही आमट्यांत ते बेताचं असेल, तर निवड मिठावरून होत नाही. पैशाची मोठी परीक्षा ५५ हजारांच्या अटीत होऊन गेली होती. आता उरला होता ८४ आणि ९२ यांमधला फरक, आणि वजन द्यायचं ते फक्त त्या फरकाला.

म्हणून दोघांना वेगवेगळे कागद दिले आणि एकमेकांच्या कागदात बघायचं नाही असं सांगितलं. ‘अशी कल्पना करा, तुमच्या वाट्याला सगळ्यात वाईट फ्लॅट आला. ९२ लाखांचा, याला ७५ मिनिटं, हिला ६०, आईबाबा ५० मिनिटांवर. यातली एकच गोष्ट वाईटातून उत्तमात बदलायची मुभा आहे. पहिली कुठली बदलाल? मग दुसरी? मग तिसरी?’

सात महिने ती किमतीवरून भांडत होती आणि तो प्रवासावरून. तिने पहिलं लिहिलं, ‘याचा प्रवास’. त्याने लिहिलं, ‘आईबाबा’. किंमत दोघांच्याही कागदावर शेवटची.

‘तू किंमत शेवटी लिहिलीस?’ तो.

‘तू रोज रात्री नऊला येतोस. पोरगी झोपलेली असते,’ ती.

मी गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने बोलायची घाई केली की हाती आलेलं निसटतं.

मग त्याच्या कागदाकडे वळलो. ‘आईबाबा पन्नासऐवजी पंधरा मिनिटांवर आले, तर नेमकं काय होईल?’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मागच्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये पडले. आईचा फोन आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.’

‘म्हणजे रात्री दोनला पोचायला किती वेळ लागतो, हा तुमचा निकष आहे. मग हे पस्तीस आणि पन्नास कधीचे?’

‘संध्याकाळी सातचे,’ तिने उत्तर दिलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळा गुंता तिथे सुटायला लागला. निकष बरोबर होता, फक्त माप चुकीच्या वेळी घेतलेलं होतं. त्या शनिवारी रात्री दोन वाजता तो खरोखर बावधनच्या त्या सोसायटीच्या फाटकापासून निघाला आणि चांदणी चौकातून बायपासने आनंदनगरला गेला. एकोणीस मिनिटं. बेल न वाजवता परत फिरला. रविवारी पहाटे उरलेली दोन मापं घेतली: धायरीहून दहा, वाकडहून तीस.

आता वजनं. सगळ्यात मोठ्या बदलाला १०० धरायचं आणि बाकीचे बदल त्याच्याशी ताडून बघायचे. बेरीज शंभर करायचा हट्ट नको, त्या नादात माणसं आकडे कोंबतात. रात्रीचं माप हातात आल्यावर आईबाबांचा क्रम त्याने आपणहून खाली आणला. त्याचा प्रवास १००, तिचा ६०, आईबाबा ५०, किंमत ३०. मग प्रत्येक निकषात सगळ्यात वाईट पर्यायाला शून्य, उत्तमाला शंभर, आणि मधल्याला त्या प्रमाणात. त्याच्या प्रवासात वाकडला १००, धायरीला ०, तर बावधनला ८०, कारण पन्नास मिनिटांच्या फरकातली चाळीस तिथे वाचतात. आईबाबांच्या निकषात बावधनला ५० दिले (एकोणिसाऐवजी वीस मिनिटं धरून, एका मिनिटावरून वाद नको). गुणाकार-बेरीज करून वजनांच्या बेरजेने, म्हणजे २४० ने, भागलं: बावधन ६९, वाकड ४८, धायरी ४४. जुन्या कागदावर ६.८ आणि ६.९ मध्ये घुटमळणारे फ्लॅट आता स्पष्ट वेगळे झाले.

आकडा आला की लगेच टोकन द्यायचं नाही. आधी तो हलवून बघायचा. ‘किंमत तिसाऐवजी किती धरली तर धायरी वर येईल?’ मांडून पाहिलं, तर जवळजवळ नव्वद. म्हणजे तिप्पट. ‘एवढी नाही रे,’ ती म्हणाली. याउलट तिसाचं पस्तीस केल्यावर निकाल उलटला असता, तर गणित थांबवून त्या एकाच निकषावर आणखी बोललो असतो.

दुसरा ताळा साध्या हिशेबाचा: वाचणाऱ्या वेळाचा भाव काढायचा. बावधन धायरीपेक्षा आठ लाखांनी महाग, हप्ता महिन्याला ६,९४४ रुपये जास्त. बदल्यात त्याची जाता-येता ऐंशी मिनिटं वाचतात, तिची चाळीस. दोघांचे मिळून दिवसाला दोन तास, बावीस दिवसांचे चव्वेचाळीस. तासाला १५८ रुपये. आईबाबा मात्र रात्री दहा मिनिटांनी लांब पडतात, तेही त्याच पानावर लिहिलं. नोकरी बदलणाऱ्यांनाही मी हाच भाव काढायला लावते. ‘पगार की मनासारखं काम’ यावर रात्रभर वाद चालतो. ‘महिन्याला आठ हजार कमी घेऊन हे काम करशील का?’ याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

एका गोष्टीच्या बदल्यात दुसरी अशी कागदावर तोलून बघायची युक्ती जुनीच आहे. अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ च्या सप्टेंबरात आपले शास्त्रज्ञ मित्र जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून तशीच एक कळवली होती: कागदाचे दोन भाग करायचे, एका बाजूला अनुकूल मुद्दे, दुसरीकडे प्रतिकूल, तीन-चार दिवस आठवेल तसं लिहीत जायचं, आणि दोन्हीकडच्या सारख्या वजनाच्या गोष्टी खोडत राहायच्या. मला त्यातले ते तीन-चार दिवस फार मोलाचे वाटतात. एका बैठकीत केलेल्या यादीत लोकांसमोर सांगण्याजोगेच निकष येतात. खासगी कारणं मागून, अंघोळ करताना नाहीतर भाजी निवडताना आठवतात.

चोविसावा फ्लॅट बघायचा का, असं त्याने जाता जाता विचारलंच. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांचं म्हणणं असं की माणूस सर्वोत्तमाच्या मागे न लागता पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. चारही अटी पाळणारा आणि रात्रीच्या मापावर टिकलेला फ्लॅट हातात होता. बघू नका, म्हटलं.

महिन्याभराने तिचा फोन आला. टोकन देऊन झालं होतं, पण धायरीची गॅलरी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिथून टेकडी दिसायची. गॅलरी यादीत आलीच नव्हती. ‘मग आता लिहा,’ म्हटलं. तिने फोनवरच तिला ४० वजन दिलं आणि धायरीला त्यात पैकीच्या पैकी, बाकी दोघांना शून्य. पुन्हा बेरीज केली. बावधन ५९, धायरी ५२.

‘तरी वाईट वाटतंय हो, मॅडम.’

‘वाटणारच. टेकडी छान होती ना.’

‘फार,’ ती म्हणाली, आणि बावधनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत किती कुंड्या मावतील ते सांगू लागली.