ताई, ओमानच्या त्या गावात मी एकटी राहू शकेन का?

प्रश्न : ताई, माझं वय ३४. एम.ए., बी.एड. आहे, नऊ वर्षं इंग्रजी शिकवते. ओमानमध्ये जालान भागात समुद्रकाठच्या एका गावात मुलींच्या सरकारी शाळेत नोकरी मिळते आहे. पगारातून घराचं कर्ज फिटेल. पण गाव मस्कतपासून खूप लांब आहे. मिस्टर आणि सात वर्षांची मुलगी इथेच राहतील. सासूबाई म्हणतात, ‘वाळवंटात, परक्या लोकांत एकटी बाई कशी राहणार?’ मला अरबी येत नाही. बुरखा घालावा लागेल का? एकटेपण झेपेल का? तुम्ही त्याच भागात राहून आलात म्हणून विचारते.
— एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला जालानमधल्या अल अश्खरा या गावाच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या तारल्यांचा वास आला. त्या वाळवलेल्या तारल्या तिकडे उंटांना आणि गुरांना चारतात. २००६ ते २०१५ मी त्याच पट्ट्यात, मुलींच्याच शाळेत शिकवलं. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

सासूबाईंच्या मनातलं वाळवंट खोटं नाही, गावाच्या पाठीमागे ते आहेच. पण तुम्ही राहाल समुद्राच्या बाजूला, आणि त्या समुद्राशी आपलं नातं आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याकडे पाऊस घेऊन येतो, तोच त्या किनाऱ्याच्या कडेकडेने वाहतो. तो वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर समुद्रात लोटतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. म्हणून जूनमध्ये मस्कत भाजून निघत असतं तेव्हा अश्खरात संध्याकाळी अंगावर ओढणी घ्यावीशी वाटते. आतल्या गावांतली कुटुंबं उन्हाळ्यात मुद्दाम तिकडे येतात. समुद्र मात्र त्या दिवसांत खवळलेला असतो, लहान होड्या वाळूवर ओढून ठेवतात.

बुरख्याचं सांगते. मुस्लिमेतर बाईवर त्याची सक्ती नाही. अंगभर, सैल कपडे हवेत. लांब बाह्यांचा पायघोळ पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी यांवर माझी नऊ वर्षं निघाली. साडी मी नेली होती, पण पोट-कंबर दिसते म्हणून शाळेत नेसली नाही. जालानच्या बेदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातींच्या, बाया चेहऱ्यावर एक कडक मुखवटा बांधतात, त्यालाच तिथे ‘बुर्का’ म्हणतात. नाकावर त्याची उभी धार असते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला धडकी भरली होती. पण शाळा सगळी बायकांची. फाटक बंद झालं की अबाया, म्हणजे वरून घालायचे पायघोळ झगे, खुंटीवर जातात आणि शिक्षकखोलीत गप्पा, वेण्या, दागिने, सगळं आपल्याकडच्यासारखं सुरू होतं.

पहिल्या दिवशी वर्गात मुली ‘अबला, अबला’ अशा हाका मारायला लागल्या आणि मी दचकले. तिकडे तो शिक्षिकेसाठी आदराचा शब्द आहे. मग हजेरी घेतली. एकेक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘हाधिरा’. क्षणभराने उलगडलं, हा तर आपला ‘हजर’! त्याच दिवशी एका वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला सुरुवात केली. हिशेब, तारीख, दुकान, इमारत, मालक. हे सारे आपल्याकडे आहेत आणि तिथेही चालतात. भाषा येत नाही असं म्हणताना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त येत असते. शिवाय गावातल्या अनेक वडीलधाऱ्यांना मोडकंतोडकं हिंदी येतं. त्यांचे वाडवडील गलबतांतून मुंबईला जायचे, आणि १९७० पर्यंत ओमानात रुपया चालायचा. रियालच्या हजाराव्या भागाला आजही ‘बैसा’ म्हणतात, तो आपला पैसाच.

एक गोष्ट मात्र आधीच पाठ करून जा : त्यांचे आकडे. अरबी चार आपल्या ६ सारखा दिसतो आणि अरबी पाच आपल्या शून्यासारखा. मी पहिल्या सत्रात एका मुलीच्या आईला गुणपत्रक वाचून दाखवलं आणि ४५ चे ६० सांगून बसले. आई आनंदाने घरी गेली. चूक दुसऱ्या दिवशी लक्षात आली. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या बाईने मला कॉफी दिली आणि मुलीला समोर बसवून म्हणाली, ‘आता साठ मिळव.’ ते घर पुढे माझ्या हक्काचं झालं.

मुलींना शिकवताना ‘प’ची अडचण येईल. अरबीत तो उच्चारच नाही, पेनचं ‘बेन’ होतं. मी कागदाची पट्टी ओठांपुढे धरून दाखवायचे. ‘प’ म्हटलं की पट्टी हलली पाहिजे. सवयीने काही जणी वही शेवटच्या पानापासून सुरू करतात, त्यावर रागावू नका. त्यांच्या आजीच्या लहानपणी, म्हणजे १९७० पर्यंत, अख्ख्या देशात औपचारिक शाळा तीन होत्या आणि त्या मुलग्यांच्या. हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि वर्गात बसलेल्या तीस मुलींकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले.

आता एकटेपण. पहिले चार महिने कठीण गेले, हे तुमच्यापासून लपवणार नाही. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची, २०१३ पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. बुधवारी दुपारी दीडला शाळा सुटली की शनिवार सकाळपर्यंत मी, चार भिंती आणि एसीची घरघर. इंटरनेटवरून घरी बोलायची सोय तेव्हा जवळपास नव्हती. फोनकार्ड घासून दहा मिनिटं बोलायचं आणि मग रात्रभर जागायचं. आमच्या शाळेत आणखी दोन परदेशी शिक्षिका होत्या. त्या दर सुट्टीला मस्कत गाठायच्या, गावात कुणाच्या घरी जायच्या नाहीत. दोघीही वर्षभरात परत गेल्या. मीही त्याच वाटेवर होते.

एका संध्याकाळी शेजारच्या बाईंनी मुलाच्या हाती भात आणि सुरमईचं ताट पाठवलं. मी मासे खात नव्हते. नाही म्हणावं, की घेऊन टाकून द्यावं? मी ताट घेतलं, भात खाल्ला, मासा मांजराला घातला. पण ताट परत कसं द्यायचं? रिकामं भांडं परत देऊ नये, हे आपल्या आजीने हाडात मुरवलेलं. घरात रवा होता. शिरा केला, वर वेलची घातली आणि स्वतः घेऊन गेले. दारात त्या माउलीने माझा हात धरला तो आत नेईपर्यंत सोडला नाही. ‘केफ हालिश?’ कशी आहेस? मग ‘शू अल उलूम?’ काय खबरबात? हा प्रश्न तिथे भेटीत विचारतातच, आणि उत्तर सावकाश द्यायचं असतं. खजूर पुढे आले, बिनदांड्याच्या लहान कपातून वेलचीची कहवा आली. कप पुढे केला की पुन्हा भरतात. पुरे असेल तर तो हातात किंचित हलवून परत द्यायचा. मला ठाऊक नव्हतं, मी सात कप प्यायले. मग त्यांच्या सुनेने माझा हात धरून कप हलवून दाखवला.

त्या दिवसापासून ते ताट नऊ वर्षं ये-जा करत राहिलं. मी मासे खात नाही हे कळल्यावर माझ्यासाठी खजूर, लिंबं, रोटी येऊ लागली. जून २०१० मध्ये फेत चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं. आदल्या दिवशी त्यांचे यजमान दाराशी आले आणि म्हणाले, पासपोर्ट आणि औषधं घ्या, चला. वीज नाही, वाडीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राला, पूर आलेला, रस्ता तुटलेला. दोन रात्री मी त्यांच्या बायकांच्या खोलीत सहा जणींसोबत झोपले. त्यात मी हिंदू, मी परदेशी, हे कुणाच्या बोलण्यात एकदाही आलं नाही.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते : बोलावलं तर जा. दमलेल्या असलात तरी जा. जमिनीवर बसा, तळपाय कुणाकडे करू नका, उजव्या हाताने खा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. रमजानमध्ये दिवसा लोकांसमोर पाणीसुद्धा पिऊ नका, तो तिथला कायदाही आहे. आणि संध्याकाळी इफ्तारला एखाद्या घरी नक्की बसा.

कागदपत्रांत मन कठोर ठेवा. मला नेमणाऱ्या एजंटाने शहरात घर देतो असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात गावाच्या टोकाला, पाण्याची टाकी नसलेलं घर मिळालं आणि तीन आठवडे मी बादल्या वाहिल्या. तेव्हा घर, वीज-पाणी, विमानाचं तिकीट, औषधोपचार हे सगळं करारात लिहून घ्या. मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळं विचारा, कारण ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. नेमणूक थेट मंत्रालयाची की खासगी कंपनीमार्फत, हे पत्रावर पाहा. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवणं हा तुमचा हक्क आहे. पदवीची प्रमाणपत्रं इथूनच साक्षांकित करून न्या, नंतर मागवणं जिकिरीचं होतं.

आणि मुलगी. ताई म्हणून विचारलंत, म्हणून बोलते. माझा मुलगा मी गेले तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याची बारावी मी फोनवर पाहिली. त्याने मला कधी बोल लावला नाही, पण मला ते आजही सलतं. सात हे वय त्याहून लहान. तुम्ही एक वर्षाचा विचार करून जा, सुट्टीत तिला आणि मिस्टरांना तिकडे बोलवा, आणि वर्षअखेर पुढचं तिघांनी मिळून ठरवा. कर्ज लवकर फिटावं म्हणून आधीच पाच वर्षांचं गणित मांडू नका.

प्रश्न : मी गणिताचा शिक्षक आहे. ओमानात किनाऱ्यालगतच्या गावी जातो आहे. कुटुंबाला नेलं तर मुलांच्या शिक्षणाचं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या, तिथे आपल्या मुलांचा निभाव लागणं अवघड. पण सीबीएसईच्या भारतीय शाळा मस्कतबाहेरही आहेत. सूर, जालान, सहम, सोहार इथे आहेत. नेमणुकीचं गाव नकाशावर शोधा आणि यांपैकी जवळची शाळा किती किलोमीटरवर आहे ते मोजा. रोज साठ-सत्तर किलोमीटर बसने जाणारी मुलं मी पाहिली आहेत, दमून जातात. ड्रायव्हिंग लायसन्स लवकर काढा. तिथली चाचणी कडक असते. पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायला लावतात, ती ‘ड्रम टेस्ट’. गाडीशिवाय गावात कुटुंब अडकून पडतं.

प्रश्न : सामानात काय न्यावं, काय नेऊ नये?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : डाळ-तांदूळ-मसाल्याची चिंता करू नका, लहानशा गावातही मल्याळी माणसाचं दुकान असतं. गोडा मसाला आणि भाजणी मात्र न्या. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटातच ठेवा, कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांवर कडक निर्बंध आहेत. खसखस अजिबात नको. आखातातल्या काही देशांत ती अमली पदार्थांत धरतात, आणि विमान कधी तिकडून बदलावं लागतं. तीन चौकोनी पिनांचे प्लग लागतात. आणि रवा थोडा जास्त घ्या.