गाणं ऐकवत नाही, स्कोअर मात्र सुटत नाही

"पूर्वी तासभर ख्याल ऐकत बसायचो. आता पाच मिनिटं झाली की हात मोबाइलकडे जातो. आधी स्कोअर, मग बातम्या, मग परत स्कोअर. गाणं चालू असतं, पण कानात काही शिरत नाही. माझी आवड मेली का? की हे डिप्रेशन आहे?"

मी समुपदेशन करते, आणि थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, गाण्याचे दर्दी. त्यांना मोबाइलचं व्यसन तर सतावतंच, पण आपण क्रिकेटसारख्या 'साध्या' गोष्टीत अडकलो याची लाज त्याहून जास्त वाटते. रसिकांचा हा शिष्टपणा मला फारसा पटत नाही. १९८३चा विश्वचषक जिंकून आलेल्या संघाला बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते, तेव्हा लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम करून ते उभे केले. आणि भारताचे जुने कसोटी कर्णधार पॉली उम्रीगर जन्मले ते आपल्या सोलापुरातच. गाणं आणि क्रिकेट एका घरात सुखाने नांदू शकतात.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, हा नेहमीचा सल्ला वाईट नाही. पण खाली ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्यांना तो पहिल्याच भेटीत दिला असता तर ते पुन्हा आले नसते. त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहिते. घरचे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते.

अण्णांचा सुताचा व्यापार. गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले. दुपारी चारला दुकान पुतण्याच्या हवाली करून घरी यायचं, मागच्या खोलीचं दार लावायचं, मोबाइल सायलेंटवर टाकायचा आणि दिवेलागणीपर्यंत गाणं ऐकायचं, हा वर्षानुवर्षांचा नेम. हुतात्मा स्मृती मंदिरात मैफल असली की पुढच्या रांगांत अण्णा दिसणार. डिसेंबरात हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला, सवाई गंधर्व महोत्सवाला.

ऑक्टोबर २०२५मध्ये काकू त्यांना घेऊन आल्या. तक्रार काकूंचीच होती. "मॅडम, लग्न झाल्यापासून मी म्हणत आले, तो आवाज जरा बारीक करा. आता बंदच झालाय, तर घर खायला उठतंय. हे नुसते मोबाइल धरून बसतात."

अण्णा ओशाळून हसले. मग सप्टेंबर कसा गेला ते सांगायला लागले. आशिया चषकात भारत-पाकिस्तान तीनदा समोरासमोर आले, १४, २१ आणि २८ तारखेला, तिन्ही रविवार. हस्तांदोलन न करण्यावरून उठलेला वाद आणि अंतिम सामन्यानंतर आपल्या संघाने न स्वीकारलेली ट्रॉफी, यामुळे खेळाचं पान कुठलं आणि पहिलं पान कुठलं तेच कळेनासं झालेलं. त्याच दिवसांत सीना नदीला महापूर. माढा-मोहोळकडची बुडालेली गावं, वाहून गेलेली जनावरं, व्हिडिओवर व्हिडिओ. त्याच्या महिनाभर आधी, २७ ऑगस्टपासून, अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलेलं. टॉवेलची निर्यात अडली की सुताची उधारी अडते. "बघितल्याशिवाय राहवत नाही, आणि बघून हाती काही लागत नाही," अण्णा म्हणाले.

पहिल्या भेटीत मी विचारायचं ते विचारून घेतलं. झोप, भूक, रडू येणं, जगण्यात राम नाही असं वाटणं. आवडीच्या गोष्टीत रस न उरणं हे नैराश्याचं एक महत्त्वाचं लक्षण आहे, आणि ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, सोबत बाकीचीही लक्षणं असली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावंच लागतं. (रात्रीबेरात्री असह्य झालं तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे.) अण्णांचं तसं नव्हतं. नातवंडांत रमायचे, दुकानात थट्टा चालायची, काकूंच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर आडवा हात मारायचे. सामन्यावर पैसे लावता का, हेही विचारलं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५मध्ये कायद्याने बंदी आली असली, तरी हा प्रश्न मी सोडत नाही. काकूंसमोर नाही, एकट्यात विचारते. अण्णांनी कानाला हात लावला. रक्तदाब मात्र होता, म्हणून त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. २००६च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिक भागात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या अडीचपटींहून जास्त झाल्या होत्या. रक्तदाब असलेल्या माणसाचा सामना मी हलक्यात घेत नाही.

मग विचारलं, "गाणं नेमकं कधीपासून थांबलं?"

अण्णा म्हणाले, "असंच, हळूहळू." काकू म्हणाल्या, "हळूहळू कसलं? जूनपासून."

जून म्हटल्यावर अण्णा गप्प झाले. त्यांचा धाकटा मुलगा बेंगळुरूला नोकरीला. ३ जूनच्या रात्री बेंगळुरूचा संघ अठराव्या मोसमात पहिल्यांदा आयपीएल जिंकला. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमवर सत्कार होता. मुलगा सकाळीच फोनवर म्हणाला होता, "जमलं तर जाऊन येईन." दुपारी अण्णा नेहमीप्रमाणे दार लावून मुलतानी राग ऐकत बसले, मोबाइल सायलेंटवर. बाहेर टीव्हीवर चेंगराचेंगरीची बातमी आली. स्टेडियमच्या गेटांबाहेर ११ जणांचा जीव गेला. काकूंनी दार वाजवलं तेव्हा अण्णांच्या मोबाइलवर मुलाचे दोन मिस्ड कॉल होते. त्यानंतर त्याचा फोन लागेना. लागला तेव्हा रात्र पडली होती. तो ऑफिसातून निघालाच नव्हता. ते दोन कॉल "मी बरा आहे, काळजी करू नका" एवढं सांगायला केलेले.

"पोरगं फोन करत होतं आणि मी गाणं ऐकत होतो," अण्णा म्हणाले. जूनपासून हे वाक्य त्यांनी घरात कुणाजवळ काढलं नव्हतं. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

पुढचं सगळं इथून उलगडत गेलं. गाण्याची गोडी गेलीच नव्हती. गाण्यात बुडणं म्हणजे बेसावध राहणं, अशी गाठ मनात बसली होती. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून पाखरं राखणाऱ्याला डुलकी परवडत नाही, तसं अण्णांचं झालेलं. मोबाइल उघडायचा, काही विपरीत घडलेलं नाही ते बघायचं, क्षणभर हायसं वाटायचं. ते हायसं वाटणंच पुढच्या वेळी पुन्हा मोबाइल उघडायला लावतं. काळजीची सवय अशीच घट्ट होत जाते. आणि सकाळचे भजन-अभंग त्यांना ऐकवत होते. नको व्हायचे ते दुपारचे राग. हे त्यांनी सहज सांगितलं, मी मात्र वहीत टिपून ठेवलं.

बातम्यांबाबत एक अभ्यास मी त्यांना सांगितला. २०१३मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. नंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास त्याच्या बातम्या बघणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. अण्णांना हे लगेच पटलं नाही. "म्हणजे जगात काय चाललंय ते बघूच नये? मे महिन्यात सीमेवर तणाव वाढला, धरमशालाचा सामना मध्येच थांबवून आयपीएल आठवडाभर बंद ठेवली. तेव्हा बातम्या बंद करून बसायचं होतं?" मुद्दा बिनतोड होता. मी बघू नका म्हणत नव्हते. मी म्हटलं, बातमी वाचून उद्या सकाळी तुम्ही काही वेगळं करणार असाल, तर ती नीट, पूर्ण वाचा. आयातशुल्काची बातमी तशी होती. उधारी किती द्यायची ते त्यावर ठरणार होतं. सीनेच्या पुराचीही होती, कारण दुकानातल्या एका हमालाचं गाव काठावरच. त्याला फोन करून धान्य पाठवलं की पुराचा विसावा व्हिडिओ कशाला बघायचा? उरलेल्यासाठी सकाळचा पेपर आणि रात्री एकदा बातमीपत्र.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा नाही, हे मात्र मी पक्कं ठरवलं होतं. ज्याची भीती 'फोन चुकला' अशी आहे, त्याला फोनपासून तोडून काय साधणार? त्याऐवजी आम्ही मोबाइलचं 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं आणि घरातल्या चार जणांचे नंबर त्यातून वगळले. बाकी सगळं गप्प, या चौघांचा फोन मात्र वाजणारच. काकूंनी बाहेरून फोन लावून बघितला, मग पुन्हा एकदा लावला. तिसऱ्यांदा अण्णांनीच लावायला सांगितला. ऐकण्याची सुरुवात सकाळी, दहा मिनिटांच्या छोट्या चिजेने. जमलं की थोडं वाढवायचं. दुपारकडे सावकाश सरकायचं.

एक गोष्ट अजून राहिली होती. स्कोअर बघून झाला की अण्णा तो कुणाला सांगतात? विचारलं तर मुलालाच. दिवसभरात बापलेकांत जेवढे मेसेज, ते सगळे विकेट आणि षटकांचे. मुलाला स्पीकरवर घेतलं. तो म्हणाला, "अण्णा, मला वाटायचं तुम्हाला आता क्रिकेटचं लई वेड लागलंय, म्हणून मी मीटिंगमधून स्कोअर पाठवत होतो." अण्णा म्हणाले, "अरे, तू पाठवतोस म्हणून मी बघत होतो!" काकूंनी कपाळावर हात मारला. बापलेकांनी मग आठवड्यातून दोनदा नीट फोन करायचं ठरवलं. स्कोअरची देवाणघेवाण त्यांनी बंद केली नाही, मीही करायला लावली नाही. दूर राहणाऱ्या पोराशी बोलायला पुष्कळ बापांकडे तेवढंच असतं.

सामना बघायचा तर पूर्ण बघा, हे मी आग्रहाने सांगितलं. दर दोन मिनिटांनी आकडा बघणाऱ्याच्या वाट्याला खेळ येतच नाही, फक्त धाकधूक येते. विलंबित एकतालाच्या संथ आवर्तनात समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, वाट बघत बसणाऱ्या माणसाला तर हे सोपं जायला हवं. २ नोव्हेंबरला, महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, त्यांनी तसं केलं. नवी मुंबईत पाऊस, तीनचा सामना पाचपर्यंत लांबला. मधल्या वेळात अण्णांनी आपणहून भीमसेनजींचा मुलतानी लावला. मोबाइल शेजारी होता. दोनदा उचलला, दोनदा ठेवला, असं काकूंनी नंतर सांगितलं. राग पुरता ऐकला का, हे मी विचारलं नाही. मग मध्यरात्रीपर्यंत सामना. शफालीची खेळी, दीप्तीचे पाच बळी, ५२ धावांनी विजय. मुलाचा फोन आला तो सामना संपल्यावर.

अजून सगळं जागेवर आलेलं नाही. मोठी बातमी फुटली की अण्णांचा तो दिवस जातो, आणि दुपारचं गाणं आठवड्यातले दोन-तीन दिवसच जमतं. पुढच्या मोसमात मुलगा मैदानावर जाऊन सामना बघायचं म्हणतोय. अण्णांनी नाही म्हटलेलं नाही. कोणत्या गेटने आत जाणार, हे मात्र आत्ताच विचारून ठेवलंय.